आठवणीचे मोजमाप

आमच्या वाड्याच्या अंगणात दर दिवाळीला किल्ला होतो. चार पोरे, दहा घमेली माती, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि उतारावर पेरलेले हळीव एवढ्या भांडवलावर वसुबारसेपर्यंत गड उभा राहतो. मग कुंभाराकडची चित्रे येतात. मावळा बुरुजाच्या उंचीचा असतो, वाघ हत्तीएवढा असतो आणि गवळणीच्या डोक्यावरची घागर शेजारच्या विहिरीत मावत नाही. सिंहासनावरचे महाराज तर एवढे मोठे, की ते उठून उभे राहिले तर बालेकिल्ला त्यांच्या गुडघ्याला लागेल. याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. ज्याच्यावर प्रेम अधिक तो आकाराने मोठा, हे किल्ल्याचे शास्त्रच आहे.

गेल्या दिवाळीत मात्र माझ्या आठ वर्षांच्या पुतणीने सगळा किल्ला नीट न्याहाळला आणि विचारले, “काका, हा मावळा या दरवाज्यातून आत गेला कसा?”

पोरे हसली. मला काही हसता आले नाही. कारण हाच प्रश्न मी चार वर्षे माळ्यावर बसून स्वतःला विचारीत होतो.

माळ्यावर मी एक रेल्वे बांधतो आहे. रेल्वे म्हणजे चार मीटर लांबीच्या फळीवरची, बोटभर इंजिनाची. आणि ती कुठली, तर वेल्सच्या डोंगराळ मुलखातल्या एका आडवळणी फाट्याची. मी वेल्स पाहिलेले नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही आणि समुद्र मी अलीबागपर्यंतच ओलांडला आहे. आमची सौ. आल्यागेल्याला सांगते, “कोनाड्याला फळी मारायला यांना चार वर्षे सवड नाही, आणि तिकडे वेल्समध्ये पूल बांधताहेत.” आरोप खरा आहे. पण या उद्योगात कलेविषयीचे जे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले, ते पाच कादंबऱ्या लिहून राहिले नव्हते. म्हणून हा लेख. याला कोणी समीक्षा म्हणावे की कबुलीजबाब, ते वाचकांनी ठरवावे.

प्रथम मूळ कृतीची ओळख करून दिली पाहिजे. वेल्सच्या पूर्व सीमेजवळ वेल्शपूल नावाचे बाजाराचे गाव आहे. तेथून सुमारे नऊ मैलांवर, बानवी नदीच्या काठी, लान्व्हायर केराइन्यन हे दुसरे लहान गाव. मध्ये डोंगर, कुरणे आणि मेंढ्या. एवढ्यासाठी मोठी रेल्वे परवडणारी नव्हती. १८९६ साली ब्रिटनमध्ये हलक्या रेल्वेचा कायदा झाला. स्वस्तात रूळ टाकावे, गाडी सावकाश चालवावी आणि खेड्यांना बाजारपेठेशी जोडावे, हा त्याचा हेतू. त्या कायद्याखाली ही रेल्वे झाली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १९०३ च्या मार्चमध्ये मालगाडी सुरू झाली, एप्रिलमध्ये उतारू. दोनच इंजिने होती. पॉविसच्या जहागीरदारावरून एकाचे नाव ‘अर्ल’ आणि त्याच्या पत्नीवरून दुसरीचे ‘काउंटेस’. गाव सोडताना गाडी वेल्शपूलच्या घरांमधून, मागील दारांना जवळजवळ खेटून, ओढ्यावरून वाट काढी. पुढे गोल्वाचा चढ लागे, एकोणतीस फुटांना एक फूट असा. इंजिनाचा श्वास तिथे फुले.

माझा एक जुना विद्यार्थी बर्मिंगहॅमला नोकरीस आहे. तेथून ही रेल्वे काही फार लांब नाही. त्याने एका वर्षी तिची पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे पाठविली, आणि खाली लिहिले, “गुरुजी, तुम्ही वर्गात बार्शी लाइटच्या गोष्टी सांगत होता. ही तिची मावसबहीण.”

नाते त्याने अचूक ओळखले होते. बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली, आणि तिच्याही रुळांतले अंतर अडीच फूटच. तिच्याविषयी पुढे बोलूच. आधी मावशीच्या घरी जाऊन येऊ.

प्रतिकृती करणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे प्रमाण. ब्रिटनमध्ये बहुतेक हौशी लोक एका फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण धरतात. म्हणजे खऱ्या वस्तूचा सुमारे शहात्तरावा भाग. या प्रमाणात मोठ्या रेल्वेचा रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद हवा. दुकानात मिळतो तो साडेसोळा. कारण असे, की हे खेळ सुरू झाले तेव्हा रूळ लहान प्रमाणाचा होता आणि ब्रिटिश इंजिने मुळातच अंगाने बारीक. त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा कारखानदारांनी रूळ तसाच ठेवला आणि वरची गाडी मोठी केली. परिणाम असा, की हजारो घरांतून धावणाऱ्या मोठ्या रेल्वेच्या प्रतिकृती पावणेपाच फुटांच्या रुळाऐवजी जेमतेम सव्वाचार फुटांच्या रुळावर उभ्या आहेत. एवढ्या काटेकोर लोकांचा हा लाडका छंद, आणि त्याच्या पायातच सात इंचांचे खोटे!

माझ्या छोट्या रेल्वेची कथा वेगळी नाही. अडीच फुटांचे चार मिलिमीटरच्या हिशेबाने दहा मिलिमीटर होतात. तयार रूळ मिळतो तो नऊ मिलिमीटरचा. मी गणिताचा शिक्षक. हिशेब उलटा करून पाहिला. नऊ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन फूट. आणि सव्वादोन फूट हे माप वेल्समध्येच, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅलिलिन रेल्वेचे आहे. म्हणजे माझी ‘काउंटेस’ वेल्शपूलहून निघते खरी, पण परक्या रुळांवरून चालते.

ही चूक कोणाच्या लक्षात येते का? येत नाही. माझ्या मात्र रोज येते. कादंबरीतही असेच असते. पात्राच्या तोंडी आपण जी भाषा घालतो, ती त्याची नसते; छापखान्यातून तयार मिळणारी असते. वाचक चालवून घेतो. लेखकाने मात्र आपले खोटे किती मिलिमीटरचे आहे, हे जाणून असावे. त्या जाणिवेतून लिहिलेल्या खोट्यात आणि अज्ञानातून लिहिलेल्या खोट्यात फार मोठे अंतर असते.

दुसरा प्रश्न निवडीचा. नऊ मैलांचे शहात्तर भाग केले तरी एकशे नव्वद मीटर होतात. माझा माळा चार मीटरचा. तेव्हा सगळी रेल्वे बांधणे हा विचारच सोडावा लागतो. काय ठेवायचे? वेल्शपूलच्या घरांमधली ती चिंचोळी वाट? गोल्वाचा चढ? बानवीवरचा पूल? की लान्व्हायरचे स्थानक, जिथे रूळ संपतात? प्रत्येकावर मन बसलेले. पहिल्या वर्षी मी सर्वच कोंबले. वेल्शपूलच्या घरामागून सुटलेली गाडी दीड हातावर पूल ओलांडे आणि धुराड्याचा धूर विरण्याच्या आत लान्व्हायरला पोचे. दिसायला झकास, पण त्यातले अंतर मेले होते. आडवळणी फाट्याचा जीव असतो तो त्याच्या लांबवर असण्यात. दोन स्थानकांमध्ये काहीही घडत नाही, फक्त कुरण सरकत राहते, यातच तर तो प्रवास असतो.

दुसऱ्या वर्षी मी सगळे उखडले. आता फळीवर फक्त लान्व्हायर आहे आणि त्याच्या अलीकडे दोन मीटर नुसते गवत. गाडी त्या गवतातून येते, इतकेच. सौ. म्हणाली, “आधी बरे होते. आता काहीच नाही.” त्या ‘काहीच नाही’साठी मला आठ महिने लागले. त्यातून आमच्याकडची हिरवळ चार महिन्यांची. बारमाही ओल्या मुलखाचा हिरवा रंग आमच्या डोळ्यांना ठाऊकच नाही. मी भुसा रंगवून त्याचे छायाचित्र पाठविले, तेव्हा विद्यार्थ्याचे उत्तर आले, “गुरुजी, तुम्हाला हे फार हिरवे वाटत असेल. याहून हिरवे करा.”

या कलेत दोन घराणी आहेत. दोहोंचे दर्शन इंग्लंडातल्या ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात एकाच छपराखाली घडते. जॉन आहर्न या गृहस्थाने १९३० नंतरच्या काळात ‘मॅडर व्हॅली’ नावाची रेल्वे बांधली. अशी दरी कोठेच नाही. ठिकठिकाणची आवडलेली घरे आणि इंजिने एकत्र करून त्याने स्वतःचा मुलूख वसविला. रुळांभोवती गाव असते, गावाला हवा असते, हे या छंदाला ज्यांनी पटवून दिले त्यांत तो अग्रणी. दुसरा रॉय इंग्लंड. हा ऑस्ट्रेलियातून १९२५ साली आलेला तरुण. जुनी गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलताहेत आणि पडताहेत, हे त्याने पाहिले. आणि ती मोजून, टिपून, लहान प्रमाणात जशीच्या तशी करावयास घेतली. १९५४ साली त्यातून ते संग्रहालय उभे राहिले. काम एका आयुष्यात संपणारे नव्हतेच. पुढच्या पिढ्यांचे हौशी हात ते आजही पुढे नेत आहेत.

आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने जो जुना वाद आपण घालीत आलो, तो थोड्या वेगळ्या वेषात येथेही आहेच: कल्पनेचे स्वातंत्र्य थोर, की वास्तवाचे ऋण? मी स्वभावाने आहर्नचा. मनचे गाव वसविण्यात जो आनंद आहे, तो फूटपट्टीत नाही, असे मला वाटे. परंतु पडणाऱ्या घरापुढे उभे राहिल्यावर कल्पना काही कामाची नसते. तेथे टेपच काढावा लागतो. जे टिकणार आहे त्याच्याशी खेळावे. जे जाणार आहे ते आधी मोजावे.

आता माझ्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. स्थानक बांधून झाल्यावर मी फलाटावर बारा बाहुल्या उभ्या केल्या. लांब झग्याच्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, टोपली घेतलेली एक म्हातारी, एक कुत्रा. फलाट असा भरला, की माझेच डोळे भरून आले. छायाचित्र बर्मिंगहॅमला गेले. उत्तर नेहमीपेक्षा उशिरा आले. त्याने लिहिले होते, “गुरुजी, तुमचे इंजिन ग्रेट वेस्टर्नने क्रमांक दिल्यानंतरचे आणि बॉयलर बदलल्यानंतरचे आहे. रुळांतले गवत तुम्ही १९५५ च्या सुमाराच्या छायाचित्रावरून केले आहे. टोप्या १९०३ च्या आहेत. आणि या गाडीची उतारू वाहतूक १९३१ च्या फेब्रुवारीत बंद झाली. तुमची ही माणसे कशाची वाट पाहताहेत?”

शिष्यादिच्छेत् पराजयम् हे म्हणायला सोपे आहे. दोन दिवस मी माळ्यावर गेलो नाही.

पण त्याचे म्हणणे खरे होते. मोटार बस आली, ती घराच्या दाराशी थांबू लागली, आणि लोकांनी आपल्या लाडक्या गाडीकडे पाठ फिरविली. पुढची पंचवीस वर्षे ती कोळसा, चुना, पेंड असला माल ओढीत राहिली आणि १९५६ च्या नोव्हेंबरात तीही थांबली. ही गाडी कोणा दुष्टाने मारली नाही. जिच्यावर आपले प्रेम होते असे सारे नंतर म्हणाले, तिच्यात बसायचे त्यांनीच सोडून दिले होते. आणि आम्ही प्रतिकृतिकार काय करतो? फलाटावर माणसे पुन्हा उभी करतो, कुंड्यांत फुले लावतो, आकाश निरभ्र ठेवतो. आमच्या रेल्वेत कधी पाऊस नसतो, गाडी कधी रिकामी नसते, आणि कोणाचे काही चुकलेले नसते. या छंदावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आणि तो करताना मी स्वतःला वगळीत नाही. आमच्या बहुसंख्य ग्रामीण कादंबऱ्यांवरही माझा आक्षेप हाच आहे. गाव सोडून गेलेल्या माणसाने आपल्या सोडण्याचा उल्लेख न करता रंगविलेले ते गाव असते.

मी बाराही बाहुल्या काढल्या. कुत्रा ठेवला, कारण कुत्र्याला वेळापत्रक नसते. आता फलाटावर कोळशाची चार पोती आहेत आणि एकटा हमाल. ‘अर्ल’ तीन मालडबे घेऊन गवतातून येतो, थांबतो, आणि कोणी उतरत नाही. पुतणी हे पाहून म्हणाली, “काका, ही गाडी रुसली आहे का?” एवढी नेमकी समीक्षा माझ्या एकाही पुस्तकाच्या वाट्याला आलेली नाही.

आणि तरीही ही गोष्ट येथे संपत नाही. १९५१ साली टॅलिलिन रेल्वे हौशी लोकांनी बिनपगारी काम करून चालू ठेवली. जगात असे प्रथमच घडले. मुलांच्या आवडत्या ‘थॉमस’ इंजिनाच्या कथा लिहिणारे पाद्री ऑड्री यांनी तेथे १९५२ साली गार्डाचे काम केले आणि तिच्यावरून आपल्या गोष्टींतली स्कार्लोई रेल्वे रचली. तीच वाट वेल्शपूलच्या मंडळींनी धरली. १९६३ साली लान्व्हायरहून गाडी पुन्हा सुटली. त्याच वर्षी वेल्शपूल गावातली घरांमधली वाट मात्र कायमची गेली. १९६४ च्या डिसेंबरात पुराने बानवीचा पूल खचविला. लष्कराच्या इंजिनिअरांच्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला. १९८१ साली रूळ पुन्हा वेल्शपूलच्या वेशीला, रेव्हन स्क्वेअरला भिडले. अडीच फुटी डबे त्या देशात मिळेनात, म्हणून ऑस्ट्रियातून आणले, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधून आणले. आणि उतारूंचे जे मूळचे तीन डबे केव्हाच मोडीत गेले होते, ते या शतकात वेल्समधल्याच फेस्टिनिओग रेल्वेच्या कारखान्यात हुबेहूब नव्याने बांधून घेतले.

या शेवटच्या वाक्यापाशी मी फार वेळ थांबलो. जे डबे जगात उरले नव्हते ते पुन्हा कसे झाले? कोणीतरी त्यांची मापे ठेवली होती, म्हणून. आठवण सगळ्यांनाच होती. पण सुताराला आठवण देता येत नाही. त्याला आकडा द्यावा लागतो.

आता बार्शी लाइट. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी हलकी रेल्वे किती काम करू शकते हे जगाला दाखविण्यासाठी ती बांधली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, या हिशेबाने गाड्या आखल्या. आणि त्या इकडे पाठविण्याआधी लीड्सजवळ त्यांची चाचणी घेतली. बार्शीरोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती १८९७ साली सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आमच्या तीन पिढ्यांची वारी तिने केली. मी आजीच्या मांडीवर बसून तिच्यातून पंढरपूरला गेलो आहे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तिचे रुंद रूळ झाले. ते व्हायलाच हवे होते. रुंद रुळावरून आज दूरदूरच्या गाड्या येतात आणि त्यांतून मीही जातो. लहान गाडीत तिच्या शेवटच्या वर्षी मी एकदाही बसलो नव्हतो. एसटी लवकर पोचवीत असे.

खरे म्हणजे चार वर्षांपूर्वी मी बार्शी लाइटच बांधायला बसलो होतो. डब्याचा रंग कोणता, म्हणून गावातल्या तीन वडीलधाऱ्यांना विचारले. तिघांनी तीन रंग सांगितले, आणि तिघांचेही डोळे पाणावले. बाक किती रुंद होता? “हं, असा ऐसपैस होता.” खिडकी केवढी? “चांगली मोठी.” मी स्वतः आठवून पाहिले, तर खिडकी खरोखरच प्रचंड होती, कारण मी पाच वर्षांचा होतो. आमच्या आठवणीत बार्शी लाइट म्हणजे दिवाळीचा किल्लाच आहे. ज्याच्यावर प्रेम अधिक, ते आकाराने मोठे. म्हणून मी हरलो, आणि जिची मापे छापलेली होती त्या मावशीकडे गेलो.

किल्ल्याला मी नावे ठेवीत नाही. तो दर वर्षी मोडतो आणि दर वर्षी पोरे तो पुन्हा करतात, म्हणून त्याला मापाची गरज नाही. तो हातांच्या सवयीत टिकतो. पण जे एकदाच मोडणार आहे, त्याला प्रेम पुरत नाही. वेल्शपूलच्या लोकांनी गाडी सोडली हा त्यांचा दोष असेल. पण त्यांच्यात मोजणारे होते. आम्ही सोडली, आणि वर गहिवरलो.

गेल्या मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी वर्गातली सहा मुले घेतली आणि गावाबाहेर जुन्या मार्गावर उरलेल्या एका दगडी मोरीपाशी गेलो. ऊन मरणाचे होते. टेप एकाने धरला, आकडा दुसऱ्याने वाचला, वहीत तिसऱ्याने लिहिला. दोनदा मोजले, दोनदा वेगळे आले, म्हणून तिसऱ्यांदा मोजले. संध्याकाळपर्यंत चार पाने भरली. एवढ्याने डबा होत नाही, हे मला कळते. पण त्या पानांवर एकही विशेषण नाही, आणि माझ्या लेखनात असे प्रथमच घडले आहे.

यंदाही अंगणात किल्ला होईल. पुतणीने दरवाजा मोठा करण्याचे मनावर घेतले आहे. फूटपट्टी माझ्याकडून आताच नेली. महाराजांना मात्र ती हात लावू देणार नाही म्हणते. ते आहेत तेवढेच मोठे राहणार.